लिलावाची अर्धीच नक्कल

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या वेंगुर्ले तालुक्यात दोन गोष्टी सुरू होतात, दशावतार आणि क्रिकेटचे लिलाव. दशावतारात राजा कोण आणि संकासुर कोण, हे पात्र आत आलं की कळतं. लिलावात ते कळायला रात्रीचे दोन वाजतात.

आमच्या गावची लीग टेनिस बॉलची. वाड्या सहा, संघ सहा. प्रत्येक संघाला एक मालक, म्हणजे मुंबईत नाहीतर गोव्यात बरं बस्तान बसलेला गावचाच कोणी, आणि प्रत्येक मालकाला दहा हजार पॉईंटची पर्स. त्यात बारा खेळाडू घ्यायचे. बेस प्राइस दोनशे. मी दिवसा एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघतो, म्हणून गावाने लीगचं खजिनदारपण माझ्या गळ्यात घातलं आहे.

मागच्या वर्षी एका मालकाने एकाच अष्टपैलू पोरावर सहा हजार दोनशे लावले. मागून एक म्हातारा ओरडला, "रे, तेका घेतला तर बाकीचे अकरा जण खंयसून हाडूचे?" मालक नुसता हसला. का हसला ते तासाभरात कळलं. दोन गोलंदाज, ज्यांची बोली एरवी हजाराखाली थांबत नाही, दोनशेला त्याच्याकडे गेले आणि कोणाचा हात वर झाला नाही. इतरांनी ते घेतले असते तर सामन्याच्या रात्री त्यांचे खांदे दुखले असते, हे मंडपात सगळ्यांना ठाऊक होतं. पॉईंट स्टेजवर, रुपये स्टेजच्या मागे. माझ्या वहीत दोनशे लिहिले गेले. रुपयांची वही नव्हतीच.

त्या संघाने सलग तिसऱ्या वर्षी चषक नेला. दोन वाड्या आता कुरकुरत आहेत. गावातलं सर्वसाधारण मत असं की पर्स आहे ना सगळ्यांना सारखी, मग रडता कशाला? मला हे मत पटत नाही. पर्स हा या नियमाचा दिसणारा अर्धा भाग. पैसा येतो कुठून, वाटला कसा जातो आणि लिहिला कुठे जातो, हा दुसरा अर्धा. तो आपण उचलला नाही, कारण तो टीव्हीवर दिसत नाही. हातोडा दिसतो, तो उचलला. गावचं सोडा, देशातल्या मोठ्या लीगनाही ही अर्धी नक्कल महागात पडली आहे.

उरलेला अर्धा बघायचा तर अमेरिकेत जावं लागतं. तिथला फुटबॉल आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि पायापेक्षा हातातच जास्त. पण पगाराच्या मर्यादेचा, ज्याला ते सॅलरी कॅप म्हणतात, कीस त्यांच्याइतका कोणी पाडला नसेल. एनएफएल या त्यांच्या मोठ्या फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. १९९४ साली मर्यादा आली तेव्हा एका संघाला वर्षाला ३ कोटी ४६ लाख डॉलर खेळाडूंवर खर्च करता येत होते. २०२५ साली हा आकडा २७ कोटी ९२ लाखांवर गेला. तो कोणा मालकाच्या मर्जीने ठरत नाही. लीगची कमाई किती आणि तिच्यात खेळाडूंचा वाटा किती, हे मालक आणि खेळाडूंची संघटना लेखी करारात ठरवतात. तो वाटा निम्म्याच्या थोडा खाली असतो, आणि ठोकळमानाने त्याचे ३२ भाग केले की मर्यादा निघते. कमाई वाढली की मर्यादा आपोआप वाढते. शिवाय वरची रेघ आहे तशी खालचीही आहे: काही वर्षांच्या हिशोबात मर्यादेच्या ९० टक्के रक्कम प्रत्येक संघाने खरोखर मोजलीच पाहिजे. कंजूष मालकाला स्वस्तातली पोरं उतरवून टीव्हीचा पैसा घशात घालता येत नाही.

टीव्हीचा पैसा ही यातली खरी मेख. १९६१ साली लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांतल्या मालकांना पटवलं की प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकू आणि सारखे वाटून घेऊ. त्यासाठी कायद्यातही सूट मिळवली. मर्यादा आली त्यानंतर तेहतीस वर्षांनी. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाटणी आधी झाली, लगाम नंतर आला.

या वाटणीवर जगणारं गाव म्हणजे ग्रीन बे. लोकसंख्या लाखाच्या आसपास, रत्नागिरी शहराहून थोडी जास्त. या गावाचा पॅकर्स हा संघ १९१९ पासून आहे आणि १९२३ पासून तो लोकांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. लाभांश कोणाला मिळत नाही, शेअर बाजारात विकताही येत नाही, मिळतं ते एक प्रमाणपत्र आणि वार्षिक सभेला बसायची जागा. आमच्या पतसंस्थेच्या सभासदांना हे सांगितलं तर ते आधी विचारतील की भेटवस्तू काय देतात. पण हा संघ न्यूयॉर्क, शिकागो, डॅलसच्या संघांशी बरोबरीने खेळतो, आणि २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकूनही गेला. लोकांचा संघ असल्याने त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. देशभरच्या प्रक्षेपणातून आणि इतर सामाईक उत्पन्नातून प्रत्येक संघाच्या वाट्याला किती आलं, हे बाहेरच्या जगाला कळतं ते बहुतेक या एका गावच्या वहीतून. अलीकडे तो वाटा वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे पगाराच्या मर्यादेहून जास्त. तिकीट एक न विकता खेळाडूंचा पगार निघतो, लाखभर वस्तीच्या गावालाही.

आता मर्यादा सांभाळायची कशी, यात खरी गंमत आहे, आणि ती कर्जाच्या फायली बघणाऱ्याला जरा जास्तच कळते.

करारावर सही करताना खेळाडूला एक मोठी रोख उचल मिळते. मर्यादेच्या हिशोबात मात्र ती कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, सारखी वाटून धरतात. पाच कोटींची उचल आज त्याच्या खिशात जाते आणि वहीत दरवर्षी एक कोटी पडतो. आज जागा मोकळी होते, म्हणून व्यवस्थापक खूश. जागा पुन्हा भरली की तो पुढच्या वर्षीचा पगार उचलीत बदलतो आणि तीही पुढे ढकलतो. आमच्याकडे याला कर्ज नवं-जुनं करणं म्हणतात. मार्चअखेरीला सगळे करतात आणि एप्रिलमध्ये सगळे विसरतात. पण दोन वर्षांनी तो खेळाडू नकोसा झाला आणि काढला, तर वहीत न आलेले तीन कोटी एकदम अंगावर येतात. खेळाडू नाही, खर्च आहे. तिकडे याला मेलेला पैसा म्हणतात. वेंगुर्ल्याच्या बंदरावर याचा अर्थ सांगायची गरज नाही. ट्रॉलर खडकावर फुटला तरी हप्ता फुटत नाही.

डेन्व्हरच्या संघाने २०२२ साली रसेल विल्सन या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूला, आणलं आणि पाच वर्षांचा, २४ कोटी डॉलरहून मोठा वाढीव करार केला. तो करार लागू व्हायच्या आधीच, २०२४ च्या मार्चमध्ये, त्याला सोडून दिलं. मागे राहिला साडेआठ कोटी डॉलरचा मेलेला पैसा, दोन वर्षांत विभागलेला. हापूसची बाग मोहोर बघून खंडाने घ्यावी, रोख मोजावी आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस यावा, तसा हा प्रकार. तरीही त्याच वर्षी डेन्व्हरचा संघ बाद फेरीत पोहोचला. कसा? तिथे नवे खेळाडू लिलावात नव्हे, तर दरवर्षी पाळीपाळीने निवडतात, आणि त्या निवडीत त्यांनी बो निक्स नावाचा नवा पोरगा घेतला होता. २०११ च्या करारापासून नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार बांधलेला असतो, त्यामुळे तो तुलनेने स्वस्तात मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट तर याहून मजेदार. २०२२ च्या निवडीत सगळ्यात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत खेळत होता, आणि त्याच्या जोरावर वाचलेल्या पैशातून भोवती तगडे खेळाडू ठेवून संघ २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलला पोहोचला. पुढच्या वर्षी त्याने २६ कोटी ५० लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार केला. आता भोवतालचे खेळाडू ठेवायचे कसे, हा त्या संघाचा प्रश्न. मर्यादा असलेल्या खेळात यशसुद्धा थकबाकीसारखं पुढे येतं.

आपल्याकडे याचा धडा कबड्डीने दिला आहे. २०२२ साली प्रो कबड्डीत तमिळ थलायवाज या संघाने चढाईपटू पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले, म्हणजे ४ कोटी ४० लाखांच्या पर्समधले निम्म्याहून जास्त. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. गावातले सगळे म्हणाले, संपलं यांचं. पण तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, कारण उरलेल्या पैशात घेतलेली आणि घरी वाढवलेली पोरं उभी राहिली. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, पर्स ५ कोटींची, आणि संघ तळाला राहिला. दोष पवनचा नव्हे. चढाई एकटा करतो, पण पकड करायला साखळी लागते आणि साखळीला पैसे उरले पाहिजेत. सहा हजार दोनशेच्या बोलीवर ओरडणाऱ्या आमच्या म्हाताऱ्याला हे एकही नाव ठाऊक नाही, पण मुद्दा त्याने नेमका धरला होता.

मग कोणी म्हणेल, झालं तर. मर्यादा नीट वापरली की पुरे, बाकी कशाला? याचं उत्तर आमच्या शेजारी आहे. सातार्डा ओलांडला की गोवा, आणि तिथे फुटबॉल म्हणजे पायाचाच. आय-लीग ही देशाची फुटबॉल लीग सुरू झाली २००७-०८ मध्ये, आणि पहिले सहाच्या सहा चषक गोव्यात आले. डेम्पोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. त्या दिवसांत आम्ही पोरं दोन बस बदलून मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर जायचो आणि परतीची शेवटची गाडी चुकली की स्टँडवरच झोपायचो. तीन गोवेकर क्लब, बारा पिढ्यांची चुरस असल्यासारखे खेळत. पण ते उभे होते ते घराण्यांच्या हौसेवर, खाणी आणि उद्योगांतून आलेल्या खाजगी पैशावर. सामाईक उत्पन्नाची वाटणी अशी नव्हतीच. २०१६ साली महासंघाने देशाच्या फुटबॉलची नवी रचना मांडली, तिच्यात आपल्याला दुय्यम जागा दिसल्यावर साळगावकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. मालकाने हात काढला की क्लब थांबतो. त्यात मालकाला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याने इतकी वर्षं स्वतःच्या खिशातून चालवलं हेच पुष्कळ.

आय-लीगची जागा घेणाऱ्या इंडियन सुपर लीगमध्ये पगाराची मर्यादा होती. विदेशी खेळाडू किती, भारतीय किती, सगळं बांधलेलं होतं. पण अख्खी लीग टांगलेली होती एका व्यापारी कराराला. तो करार २०२५ अखेर संपणार आणि नवा होत नाही असं दिसल्यावर जुलैमध्ये पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. मर्यादा जागच्या जागी होती. तिच्याखाली ओतायला पैसा नव्हता. भांड्यावर रेघ ओढून दूध वाढत नाही.

उलट टोकाला स्पेन. तिथे मर्यादा संघाच्या स्वतःच्या उत्पन्नाला बांधलेली आहे. बार्सिलोनाने इतकी वर्षं कर्ज नवं-जुनं केलं की २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी राहायला तयार असूनही त्याची नोंदणी नियमात बसेना. तो रडत गेला. नियमाने आपलं काम केलं. पण या नियमात गरीब संघाची मर्यादाही गरीबच राहते, हेही खरं. बरोबरी तिथे कोणी मागितलेलीच नाही.

माझ्या मताविरुद्ध सगळ्यात वजनदार बोलणं खेळाडूचं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. आमच्याकडची काही पोरं हिवाळाभर रात्रीचे सामने खेळून चार पैसे कमावतात. पावसाळ्यात मासेमारी बंद, नंतर हंगाम कमी-जास्त, त्यात हा आधार. त्याला मिळेल तो भाव मिळू दे, तुम्ही कोण बांध घालणारे, असं एकाने मला तोंडावर विचारलं. मालक एकत्र येऊन मजुरी बांधतात त्याला आपण इतर कुठल्या धंद्यात न्याय म्हणू? अमेरिकेतही हा संशय खोटा नाही. २०१० साली जुना करार सरत आलेला, त्यामुळे त्या वर्षापुरती मर्यादाच नव्हती. तरी त्या वर्षी हात सैल सोडले म्हणून २०१२ मध्ये लीगने वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर कापले. नियम नसलेल्या वर्षात नियम मोडल्याची शिक्षा! मालकांची टोळी म्हणतात ती हीच.

पण तिथल्या खेळाडूंनी मर्यादा फुकट मान्य केली नव्हती. त्यापूर्वी करार संपला तरी संघ बदलायचं स्वातंत्र्य नावापुरतं होतं. खेळाडू न्यायालयात गेले, खटल्याला नाव होतं बचावपटू रेजी व्हाइट यांचं, आणि १९९३ मध्ये तडजोड झाली: खेळाडूला मोकळेपणाने दुसरीकडे जाता येईल, त्याच्या बदल्यात मर्यादा येईल, आणि ती मर्यादा कमाईतल्या ठरलेल्या वाट्याला बांधलेली असेल. मोकळे झालेले रेजी व्हाइट कुठे गेले? ग्रीन बेला. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन, त्या लाखभर वस्तीच्या गावात. म्हणून मी त्या पोराला म्हटलं, तुझा मुद्दा बरोबर आहे. वाटा न ठरवता बांध घातला तर ती मालकांची चैन. पण आज तुला स्टेजमागे जे मिळतं ते एकाच मालकाकडून, त्याच्या मर्जीने, तोंडी. गेल्या वर्षीचे शेवटचे हप्ते मिळाले का? तो गप्प बसला.

आमच्या लीगपुरतं मी समितीपुढे जे मांडलं ते असं. बॅनर, पुढाऱ्यांच्या देणग्या, मुंबई मंडळाचा धनादेश, सगळं एका खात्यात यावं. आज ज्याची ओळख मोठी त्याच्या संघाच्या टी-शर्टवर चार नावं आणि दुसऱ्याच्या टी-शर्टवर फक्त ग्रामदेवता, हे बंद व्हावं. जमलेल्यातला निम्मा पैसा खेळाडूंचा, त्याचे सहा सारखे भाग. एक पॉईंट म्हणजे अमुक रुपये हे जमा बघून लिलावाआधी ठरावं. समजा पाच रुपये बसले, तर दोनशेला गेलेल्या गोलंदाजाला हजार मिळतील, समितीच्या खात्यातून, मोबाइलवर, एक पैसा कमी नाही आणि एक जास्त नाही. मग तो दोनशेला जाईल का? माझ्या मते या एका प्रश्नात अर्धा लिलाव सरळ होतो. बाकीचं छोटं आहे: नऊ हजारांच्या खाली खर्च करून संघ उतरवायचा नाही, शाळेतल्या पोरांचा भाव बांधलेला असावा, आणि कोणी वरचे पैसे दिल्याचं उघड झालं तर पुढच्या वर्षीच्या पर्समधून तेवढे पॉईंट मेलेले धरावेत.

यावर आलेली मुख्य हरकत अपेक्षितच होती: पैसे देणारा तरीही देईल, तू कुठे कुठे बघणार? खरं आहे, मी बघू शकत नाही. पण मला बघायची गरजही फारशी नाही. आमच्या गावात कोणाकडे नवी बाईक आली हे तिची नंबरप्लेट यायच्या आधी कळतं. आज ते कळूनही कोणी बोलत नाही, कारण मोडला असा नियमच नाही. दुसरी हरकत जास्त प्रामाणिक होती. एक जुने सदस्य म्हणाले, "अरे, हौसेचो खेळ ह्यो, तेच्यात पतपेढी कित्याक हाडतस?" मला त्यांचं दुखणं समजतं. वही उघडली की हौस थोडी मरते. पण तीन वर्षं एकच संघ जिंकताना बघणाऱ्या वाडीची हौस वही न उघडताच मेली आहे.

लीगच्या पहिल्या संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक ओळीला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझं म्हणणं, गाऱ्हाणं झालं की त्याच सभामंडपात जमाखर्च वाचावा, मागच्या वर्षीचाही, आणि त्याला कोण "व्हय" म्हणतं ते देवीसमोरच बघावं.

समितीत तिघे माझ्या बाजूने आहेत, दोघे विरुद्ध, एक जण दोन्हीकडे मान हलवतो. चषक नेणाऱ्या मालकाने मुंबईहून फोन करून सांगितलं की देणगीदार त्याने आणलेले आहेत, पैसा सामाईक खात्यात गेला तर तो संघ मागे घेईल. असंही होऊ शकतं. सहा संघ असले की पंधरा साखळी सामने, तीन रात्री. पाच राहिले तर दहा, दोन रात्रींत आटपतात. मी दोन्ही वेळापत्रकं लिहून ठेवली आहेत.